आम्ही रणछोडदास

वाळवंटात फोटो काढणं सोपं असतं, असा माझा पक्का समज होता. जंगलात प्राणी आणि कॅमेरा यांच्यामध्ये नेमकी एक फांदी येते. ताडोब्यात मी वाघाऐवजी त्या फांदीचेच फोटो इतके रेखीव काढलेत की वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी ते मागून नेले. वाळवंटात फांदी नाही. पुढे दुसऱ्या कुणाची जीप येऊन उभी राहिली, तरी बाजूला सरकायला हजारो चौरस किलोमीटर मोकळे. तेव्हा तिथे फोटो न येण्याचं काही कारणच उरत नाही, असं मी घरात जाहीर केलं. ते खरंच होतं. पुढे इतकी वर्षं फोटो आले नाहीत, आणि कारण काही सांगता आलं नाही.

कच्छचं छोटं रण पुण्याहून एका लांबलचक दिवसाच्या अंतरावर आहे. पहाटे तीनला निघायचं, घोडबंदर रोडला जाग यायच्या आत मनोर गाठायचं, भरूचला खारी शिंग घ्यायची, बडोदा-अहमदाबाद द्रुतगती मार्गावर गमावलेला वेळ भरून काढायचा आणि साणंद, विरमगाम करत दिवेलागणीला दसाड्यात उतरायचं. गाडी मेहुण्याची. चालवतोही तोच, कारण मी चालवायला बसलो की तो मागच्या सीटवर पट्टा तर लावतोच, शिवाय वरचं हँडलही धरतो. त्याला पक्ष्यांचा नाद, मला फोटोंचा. बायको येते ती अशासाठी की तिच्या मते आम्ही दोघं कुठंही निघालो तर बरोबर एक मोठं माणूस लागतं.

पहिल्या खेपेला आम्ही उन्हाची जय्यत तयारी केली. रुंद काठांच्या टोप्या, गॉगल, सुती सदरे, ओआरएसची पाकिटं आणि मेहुण्याने कुठूनशी पैदा केलेली, मानेवर कापड सोडलेली एक सैनिकी टोपी. महिना जानेवारीचा होता. पहाटे सहाला उघड्या जीपमध्ये बसलो आणि दहा मिनिटांत तिघांनी मिळून एकच चादर पांघरून घेतली. समोर क्षितिजापर्यंत सपाट, भेगाळलेली जमीन, तिच्यावर हळूहळू चढत जाणारा तांबूस उजेड. आयुष्यातली रणातली पहिली पहाट, आणि तिचे सगळे फोटो हललेले. हल्लीच्या लेन्समध्ये थरथर रोखण्याची सोय असते, पण ती हाताच्या थरथरीसाठी. दात वाजतात त्यासाठी कंपन्यांनी अजून काही काढलेलं नाही.

रणाचा राजा म्हणजे घुडखर, भारतीय रानगाढव. मोकळ्या रानात तो आता जवळजवळ फक्त इथेच उरला आहे. सर्रा नावाच्या रोगाने कळपच्या कळप गेले आणि १९६७ च्या गणतीत जेमतेम ३६२ घुडखर भरले. मग सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, आणि २०२४ च्या गणतीत आकडा ७,६७२ वर गेला. म्हणजे हिशेबाने रणात जिथे तिथे घुडखर दिसायला हवेत. मी उभा असेन तो चौरस किलोमीटर तेवढा रिकामा असतो.

प्राणी मोठा देखणा. बदामी आणि पांढरं अंग, ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत पळणारे पाय, आणि स्वभावाने अत्यंत सभ्य. जीप थांबली की तोही थांबतो. आपल्याकडे बघतो. आपण कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत वाट बघतो. मग वळतो. आयाळीपासून शेपटीच्या मुळापर्यंत त्याच्या पाठीवर एक गडद तपकिरी पट्टा जातो, त्याला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार असते आणि शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असतो. पुस्तकात हे वर्णन एका ओळीत आटोपतं. माझ्याकडे त्याचे हजारभर पुरावे आहेत.

“मागे जाऊ या का?” मी जीपवाल्या भाईंना विचारलं.

“ना साहेब. वो भागा, तो हम रुका.”

जनावर पळायला लागलं की गाडी थांबवायची, त्याला आपल्या हौसेपायी दौडवायचं नाही, हा त्यांचा नियम. नियम उत्तमच आहे. एवढंच, की मी बरोबर असलो की जीप सदोदित थांबलेलीच असायची.

परत आल्यावर त्यातल्या त्यात बरा, म्हणजे फक्त तीन चतुर्थांश पाठमोरा, असा एक फोटो मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चौथ्या मजल्यावरून लगेच विचारणा झाली, “कुणाचं सुटलंय? वॉचमनला सांगितलंत का?” सेक्रेटरींनी त्यावर अंगठा टाकला. बायकोच्या मावशींनी फोन करून पेट्रोल किती लागलं ते विचारलं. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, “अगं, तेवढ्यात एक विकत आलं असतं.”

दोष लेन्सचा होता हे उघड होतं. फोटो चांगला आला की नजर छायाचित्रकाराची असते आणि बिघडला की लेन्स कंपनीची. मी सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतली. तिची किंमत बायकोला हप्त्याहप्त्याने सांगितली. थंडीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे या खेपेला गरम बनियन, कानटोप्या, लोकरी हातमोजे असा सगळा सरंजाम घेतला आणि मार्चअखेरीला गेलो. पारा चाळिशीला टेकला होता.

या लेन्सने लांबचं जवळ दिसतं हे खरं. पण जमीन तापली की तिच्यावरची हवा कमी-जास्त तापमानाच्या थरांत हलायला लागते आणि दुरून येणारा प्रकाश त्या थरांतून वाकत, हेलकावत आपल्यापर्यंत येतो. मृगजळ दिसतं ते यामुळेच. सहाशे मिलिमीटरची लेन्स जसा प्राणी मोठा करते तशी मधली ही सगळी हवाही मोठी करते. दोनशे मीटरवर हुबारा उभा होता. हा माळढोकाच्या कुळातला लाजरा पक्षी दिसावा म्हणून मेहुण्याने नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला होता. मी शंभरेक फोटो काढले. घरी संगणकावर पाहिलं तर एकात पक्ष्याला पाय नव्हते. एकात पाय होते, पण अंगापासून वीतभर अंतर राखून. आणि एकात दोन पक्षी होते, एक सरळ, एक उलटा, मध्ये झुळझुळ पाणी. त्या दिवसांत तिथे पाण्याचा टिपूस नव्हता, पण कॅमेरा शपथेवर सांगत होता की तळं आहे. यावर उपाय एकच. सकाळी नऊच्या आत फोटो काढून मोकळं व्हायचं. नऊ वाजेपर्यंत मी जीपमध्ये बसल्या बसल्या, कुणाला दिसू न देता, गरम बनियन काढायच्या खटपटीत होतो.

कारण रणात आडोसा नाही. ही अडचण बनियनपुरतीच असती तर बरं. चहा पिऊन निघालेल्या माणसाला दोन तासांनी जी गरज पडते तिच्यासाठी चालत, चालत, चालत जावं लागतं, आणि कितीही चाललं तरी जीपमधल्या मंडळींना आपली पाठ दिसतच राहते. असाच एकदा मी बराच लांब गेलो, एका विरळ गवताच्या पट्ट्यात पोचलो, आणि माझ्या पायाशी जमीन उडाली. आखूड कानांचं घुबड होतं. हे घुबड झाडावर नाही, गवतात जमिनीवर बसतं आणि रंगाने मातीत मातीच होऊन जातं. ते हातभर अंतरावरून माझ्या डोळ्यांत पिवळे डोळे रोखून गेलं. कॅमेरा जीपमध्ये होता. हात मोकळे नव्हते.

मग पांढऱ्याचा प्रश्न. मोठ्या रणात धोरडोजवळ क्षितिजापर्यंत मीठ पसरलेलं असतं. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मात्र समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरंफेक मीठ समोर आलं की त्याला वाटतं उजेड फारच झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. त्याला एक-दीड स्टॉप वर चढवून समजवावं लागतं, की बाबा रे, हे खरंच पांढरं आहे. हे ज्ञान मला धोरडोहून परत आल्यावर झालं. माझं पांढरं रण पाहून ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने अगदी मनापासून विचारलं, “एनए झालाय का प्लॉट?”

धुळीची गोष्ट निराळी. रणातली धूळ अतिशय बारीक. उघड्यावर लेन्स बदलली की ती सेन्सरवर जाऊन बसते आणि छिद्र लहान करून निसर्गदृश्य काढलं की आकाशात काळसर ठिपके उमटतात. गणपतीत सोसायटीने माझ्या फोटोंचा कार्यक्रम ठेवला. मोठ्या पडद्यावर सूर्यास्त आला आणि पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, “अगं बाई, केवढे पक्षी!” मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, “हो, करकोचे. हिवाळ्यात फार लांबून येतात.” टाळ्या पडल्या. पुढच्या स्लाइडवर तोच थवा, तसाच्या तसा, पहाटेच्या आकाशात होता. त्याच्या पुढच्या स्लाइडवर तो एका उंटाच्या पोटावरून चालला होता. मेहुणा अंधारात वही काढून मोजत होता. तिन्ही ठिकाणी सत्तावीसच भरले, असं त्याने नंतर सर्वांदेखत सांगितलं.

सोपे फोटो नशिबी नव्हते असं मात्र नाही. खावड्याच्या पुढे काळा डुंगर आहे, कच्छमधला सर्वांत उंच डोंगर. माथ्यावर दत्ताचं देऊळ. आरती झाली की पुजारी एका ओट्यावर भाताचा प्रसाद ठेवतात, साद घालतात, आणि डोंगरउतारावरून कोल्हे वर येतात, खातात आणि जातात. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी श्वान असतात, इथे कोल्हे आहेत. भुकेल्या कोल्ह्यांपुढे दत्तांनी स्वतःचं अंग धरलं, अशी कथा तिथे सांगतात. खाली पांढरं रण, मागे मावळता सूर्य, समोर ओटा, ओट्यावर कोल्हे. प्राणी वेळेवर येतो, ठरल्या जागी येतो आणि जेवायला बसतो. याहून सोपा फोटो पृथ्वीच्या पाठीवर नसेल.

मी ट्रायपॉड लावून बसलो. आरती सुरू झाली. आमच्या घरी गुरुचरित्राचं पारायण असतं. बायको म्हणाली, “अहो, दत्तासमोर उभे आहात. ते यंत्र खाली ठेवा आधी.” मी ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले. तिथली आरती संपली. पण आपल्याकडे आरतीनंतर मंत्रपुष्पांजली असते. ती मी मनातल्या मनात, एकही चरण न गाळता, पुरी केली. डोळे उघडले तेव्हा ओटा स्वच्छ होता आणि मेहुणा हर्षाने सांगत होता, “सात, भाऊजी, सात!”

माळढोकासाठी आम्ही थेट जैसलमेरपर्यंत गेलो. पुण्यापासून हजाराहून अधिक किलोमीटर. खरं तर माळढोक आपल्या सोलापूरजवळ नान्नजला होता आणि त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्यही झालं. माझी मावशी सोलापूरला राहायची. सुट्टीत मी तिच्याकडे जायचो, शेंगाचटणीचे डबे आणायचो आणि परत यायचो. मीटरभर उंचीचा हा पक्षी तिथून हाकेच्या अंतरावर उभा होता तेव्हा मला फोटोंचा नाद नव्हता, आणि नाद लागला तोवर पक्षी उरला नव्हता. आता नान्नजला एखादा दिसला तर बातमी होते.

राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो तिथला राज्यपक्षी आहे. देशात उरलेल्या दीडशेच्या आसपास माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. तिथल्या ३,१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये, सुदासरीच्या कुंपणाबाहेरून तो आम्हाला दिसला. दिसला म्हणजे मेहुण्याला दिसला. मला “त्या झुडपाच्या डावीकडे” एवढं सांगण्यात आलं आणि मी त्या झुडपाच्या डावीकडचे पुष्कळ फोटो काढले. एकात तो निघाला. उडताना, लांबवर, आणि त्याच्या वाटेत आडव्या विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि दिसलं तरी तेवढं जड शरीर हवेत चटकन वळत नाही. तारांना धडकून तो मरतो. या तारा जमिनीखाली घाला, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश बदलला आणि प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे गेला. मेहुण्याने माझ्या फोटोतल्या सगळ्या तारा संगणकावर मिनिटभरात पुसून टाकल्या. फोटो एकदम सुरेख दिसायला लागला. मी तारा परत आणायला लावल्या. नाहीतरी त्या फोटोत फोकसमध्ये होत्या त्या तेवढ्याच.

आता रुतण्याविषयी. पावसाळ्यात बनास, सरस्वती, रूपेण या नद्यांचं पाणी आणि कच्छच्या आखाताची भरती यांनी छोटं रण भरून जातं आणि उंचवट्यांची तेवढी बेटं उरतात. पुढे पाणी आटतं आणि वर टणक कवच धरतं. आत चिखल तसाच असू शकतो. म्हणून जीपवाले भाई सदैव जुन्या चाकोरीतून जातात. आम्ही आमची गाडी घेऊन संध्याकाळी रणाच्या कडेला नुसतं फिरून येतो म्हटल्यावर त्यांनी बजावलं होतं, “चीलो मत छोडना, साहेब.” मेहुण्याचं म्हणणं असं, की आपली गाडी एसयूव्ही आहे. ती एसयूव्ही आहे मागच्या दारावरच्या अक्षरांपुरती. ओढतात पुढचीच दोन चाकं.

दोन दिवसांपूर्वी मावठा पडून गेला होता. वरून जमीन कोरडी ठणठणीत दिसत होती. आणि चाकोरीपासून तीनशे पावलांवर, तिरप्या सोनेरी उन्हात, खोकडाचं बीळ होतं आणि बिळाबाहेर पिलं. मी म्हणालो, “जरा जवळ घे.”

आवाज वगैरे काही झाला नाही. गाडी नुसती बुटकी झाली. मेहुण्याने ॲक्सिलरेटर दाबला तशी आणखी बुटकी झाली. दार उघडायला गेलो तर ते जमिनीला घासलं. पिलं बिळाच्या तोंडाशी ओळीने बसून हा सगळा प्रकार बघत होती. जन्मात पहिल्यांदा वन्यप्राणी माझ्याकडे तोंड करून, जराही न हलता, उत्तम प्रकाशात बसले होते, आणि मी गुडघाभर चिखलात उभा राहून चाकाखाली ट्रायपॉड घालत होतो. ट्रायपॉड कार्बन फायबरचा होता. आता तो रणाच्या मालकीचा आहे.

फोनला रेंज नव्हती. अंधार पडता पडता एक मोटारसायकल आली. जवळच्या मिठागरावरचा अगरिया होता. त्याने गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि काही म्हणजे काही विचारलं नाही. “सवारे ट्रॅक्टर आवशे,” एवढंच म्हणाला. बायको आमच्याकडे न बघता त्याच्या मागे बसून निघून गेली. आम्ही दोघं टायरच्या खुणांवरून चालत गेलो.

रणातलं मीठ समुद्राच्या पाण्याचं नसतं. जमिनीखालचं पाणी समुद्राहून कितीतरी खारट असतं. ते विहिरीतून पंपाने उपसून वाफ्यांत सोडतात आणि उन्हाने आटवतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कुटुंबं रणात येतात ती पावसाळ्याच्या तोंडाशी परत जातात. मधले सात-आठ महिने लाकडी दंताळ्याने वाफा ओढत राहायचं. पूर्वी पंप डिझेलवर चालत, आता बऱ्याच झोपड्यांपाशी सौर पॅनेलं दिसतात. प्यायचं पाणी टँकरने येतं. देशातलं तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत पिकतं. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून मी संसारात आजवर जी जी भाषणं केली, ती बायकोने त्या रात्री एकही न विसरता मला आठवून दिली.

जेवायचा प्रश्न आला. घरची माणसं सहा, त्यात आम्ही तीन आगंतुक. गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला मी एक कापडी पिशवी वापरतो, तिच्यात तीन किलो इंद्रायणी तांदूळ असतो. बायकोने ती पिशवी उसवली. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि इंद्रायणीची आसट खिचडी. माझ्या छायाचित्रणाच्या सगळ्या सामग्रीपैकी एवढीच एक वस्तू कुणाच्या उपयोगी पडलेली मी पाहिली आहे.

सकाळी मीठ भरायला आलेल्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. पैसे द्यायला गेलो तर अगरियाने हात मागे घेतला. घरातल्या बेन म्हणाल्या, “फोटो पाडी आपो.” सगळं कुटुंब मिठाच्या ढिगासमोर ओळीने उभं राहिलं. कुणीतरी आपणहून माझ्याकडे फोटो मागण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा मीही कसूर ठेवली नाही. आकाश यावं, भेगाळलेली जमीन यावी म्हणून सोळा मिलिमीटरची वाइड लेन्स लावली. पुण्याच्या एका फोटो क्लबात त्या फोटोला तिसरं बक्षीस मिळालं. परीक्षक ‘विस्तीर्णता’ आणि ‘माणसाचं एकाकीपण’ यांवर बराच वेळ बोलले. कुटुंब सहा जणांचं होतं.

पुढच्या मार्चला फोटो छापून घेऊन गेलो. रणात घराला नंबर नसतो आणि झोपडी दर पावसाळ्यात मोडते. दिसेल त्याला फोटो दाखवत आम्ही फिरलो. शेवटी पाण्याच्या टँकरवाल्याने फोटोतल्या मोटारसायकलवरून घर ओळखलं आणि “मागून या,” म्हणाला. सगळ्यांनी फोटो हातात घेतला. मुलांनी आपापली तोंडं शोधली. अगरियाने फोटो जवळ धरला, लांब धरला, आणि मग त्यावर बोट ठेवलं.

“ढगलो नानो लागे छे, साहेब.”

ढीग खरंच लहान दिसत होता. वाइड लेन्समध्ये पुढची माणसं मोठी होतात आणि मागचं सगळं मागे पळतं. पुरुषभर उंचीहून मोठा, अख्ख्या घराच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा तो ढीग माझ्या फोटोत धाकट्या मुलाच्या खांद्याला लागत होता. परीक्षकांना जिथे विस्तीर्णता दिसली तिथे मालकाला तूट दिसली. “व्यापारी देखेगा तो बोलेगा, बस इतना?” असं म्हणून तो हसला. मलाच हसू येईना.

सहाशेची लेन्स काढली आणि दीड-दोनशे पावलं मागे गेलो. लांब जाऊन लांब लेन्सने काढलं की मागची वस्तू पुढे येते. सकाळचे साडेसात, जमीन अजून तापायची होती, मृगजळ उठलं नव्हतं. मीठ पांढरं यावं म्हणून दीड स्टॉप वर चढवलं. सेन्सर पुण्याहूनच साफ करून आणला होता. मी तिकडून ओरडायचो आणि बायको त्यांना ते गुजरातीत सांगायची. तिचं गुजराती म्हणजे मराठी वाक्य आणि शेवटी ‘छे’, पण ज्याने जिथे सरकायचं तो तिथे सरकला.

मागून मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला, “भाऊजी, मागे बघा. घुडखर. चार आहेत, समोरून येतायत.”

“आत्ता नको,” मी म्हणालो.

ढीग चौकट भरून उरला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अगरियाने तो पाहिला. “हवे बराबर,” म्हणाला. दुपारपर्यंत शेजारच्या वाफ्यांवरची कुटुंबंही आपापल्या ढिगाशी उभी राहून गेली. क्लबात यातल्या एकाही फोटोला काही मिळालं नाही. “मागची बाजू फार गच्च झाली आहे,” असा शेरा आला.

रणात जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अभयारण्य बंद असतं. पहाटेसाठी लोकरीचे कपडे न्या, फोटो नऊच्या आत आटोपा, चाकोरी सोडू नका, पळणाऱ्या जनावराच्या मागे गाडी घालू नका. माणसांचे फोटो काढलेत तर ते छापून परत नेऊन द्या. पत्ता नसला तरी अडत नाही, पाण्याच्या टँकरवाल्याला विचारा. आणि मिठाचा ढीग वाइड लेन्सने काढू नका.